ज्याचं गाठोडं त्याला

महाड. अधिक वैशाख शुद्ध २, शके १८५६

धोंड्याचा महिना लागला. आळीतल्या प्रत्येक बाईने काही ना काही नेम धरला आहे. शेजारच्या आनंदीबाई महिनाभर अळणी जेवणार. कोणी रोज पहाटे सावित्रीवर अंघोळीला जाणार. मी धरला तो हा, की रोज चार ओळी लिहायच्या. लालबागच्या शाळेत पाच इयत्ता शिकले, पण लग्न होऊन इथे आल्यापासून बाबांना खुशाली कळवण्यापलीकडे लिहिणे झाले नाही. नेमाचे कोणाला सांगितलेले नाही. हा कसला नेम, म्हणून हसतील.

आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, नेम मात्र सगळ्यांहून वेगळा. काल जेवणे झाल्यावर त्या म्हणाल्या, "या म्हयन्यात घरातली लोकांची सामानं ज्याची त्याला जानार. एक बोचकं ठेवायचं नाय."

आमचे घर बंदराच्या वाटेवर. मामंजी बंदरावर हमालांचे मुकादम होते. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून मुंबईला निघालेली माणसे आदल्या दिवशी डोंगर उतरायची, आमच्या पडवीत निजायची आणि सकाळी दासगावची होडी धरायची. जड झालेले सामान इथेच टाकायची. "येताना नेतो हां, मावशी." काही आली, काहींनी नेले. बाकीच्यांचे माळ्यावर, माजघरात, पडवीत, पलंगाखाली आहेच. मामंजींना जाऊन दोन वर्षे झाली. आता मोटारी झाल्या, होडीची माणसे कमी झाली. सामान मात्र कमी झाले नाही. माझी तीन मुले ट्रंकांवर चढतात आणि घोंगड्यांच्या ढिगात लपतात. घरात आल्यागेल्याला बसायला म्हणाल तर जागा नाही.

कोणाचे काय, हे आत्याबाईंना एकट्यांना ठाऊक. लिहिलेले कुठेच नाही.


शुद्ध ४

सुरुवात झाली. आत्याबाई माजघरात पाटावर बसतात, मी एकेक गाठोडे आणून त्यांच्या मांडीवर ठेवते. त्या गाठी चाचपतात, वास घेतात, मग मला विचारतात, "काठ कोनता हाय?"

"लाल."

"लाल कसला? कुंकवासारका का इटकरीसारका?"

"विटकरी."

"मग चांगूचं. कापड्याच्या चांगूचं."

असे प्रत्येकाला. समोर मांडीवर आहे, तरी मला विचारायचे. माझी परीक्षाच घेतात जशी. एकदा मी म्हटलेही, "तुम्हीच बघा की." त्या पुन्हा काठच विचारत राहिल्या. बोलतात तेव्हा माझ्याकडे बघत नाहीत, माझ्या बाजूच्या खांबाकडे बघतात. पूर्वी असे नव्हते. माझे काय चुकले ते कळत नाही.

ह्यांना सांगितले. हे सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर आहेत, महाड ते पोलादपूर रोजची फेरी. घरी येतात ते धुळीने पांढरे होऊन. म्हणाले, "आईचं काय मनावर घेतेस? वय झालं तिचं."


शुद्ध ५

ह्यांच्या मोटारीच्या टपावरून आज सात-आठ गाठोडी वर गेली. चांगू स्वतःच आला. त्याच्या गाठोड्यात नांगराचा फाळ होता, बापाच्या हातचा. घोंगडी उंदरांनी खाल्ली होती, फाळ तसाच. त्याने फाळ कपाळाला लावला. मला वाटले, आत्याबाईंना बरे वाटेल. त्या म्हणाल्या, "फुडचं आन."


शुद्ध ९

तीन दिवस लिहिले नाही. नेम मोडला का? मोडला असेल तर कोणाला विचारायचे, तेही कळत नाही.

आनंदीबाई ओट्यावर येऊन आत्याबाईंना म्हणाल्या, "धोंड्याच्या महिन्यात आपलं द्यायचं असतं गो, रंगू. लोकांचं लोकांना दिलं त्यात पुण्य कसलं?" मलाही ते पटले. त्या गेल्यावर मी आत्याबाईंना विचारले.

"पुन्य नको मला," त्या म्हणाल्या. "येळ नाय."

"वेळ कशाला नाही?"

काही दुखणे तर लपवत नाहीत? जेवण व्यवस्थित आहे, खोकला नाही. पण परवा उकळत्या पेजेत हात घातला आणि बोटे भाजून घेतली. लक्ष ठिकाणावर नाही. जाते ओढून भिंतीला लावले. धाकट्याने वाटेत पाट ठेवला तर त्याला धपाटा घातला, नातवंडांना कधी बोट लावले नाही त्या बाईने! आणि रोज विचारतात, "हिरवं लुगडं बांधलेलं एक हाय, ते दिसलं का? ते देऊ नको हां. ते मागं ठेव."

"कोणाचे आहे?"

"ठेव म्हनलं ना."


शुद्ध ११

आज मी स्वतः वर जाऊन आले. जे झाले ते कसे लिहावे समजत नाही.

सकाळी आत्याबाईंनी एक गाठोडे निवडून बाजूला काढले. पडवीत नेऊन उजेडात धरले, डोळ्यांजवळ नेले आणि म्हणाल्या, "हे नाथूचं. हे कुनाच्या हाती धाडायचं नाय. तू जा. बयाच्या हातात दे." हिरवे लुगडे मी ओळखले; मागे ठेव म्हणत होत्या ते याचसाठी, असे समजून उचलले.

ही बया, बयाबाई, पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरवाडीत राहते. तिचा नवरा नाथू माझ्या लग्नाच्या आसपास मुंबईला गेला तो गेलाच. पहिल्या शिमग्याला निरोप आला होता, मग काही नाही. ती दिराच्या घरात राहते. दीर भैरू. त्याची शेती, गुरे, त्याच्या बायकोची बाळंतपणे, सगळे बया करते. आणि कुंकू लावून वाट बघते.

मोटारीने पोलादपूरला उतरले आणि दुपारच्या उन्हात घाटी चढले. बया गोठ्यात शेण भरत होती. हात धुऊन आली. गाठोडे बघून उभीच राहिली. बराच वेळ बघितले तिने. मग विचारले, "रंगूमावशीनं सोता दिलंय?"

"हो. तुझ्या हातात दे म्हणाल्या."

अंगणातच तिने ते सोडले. वर हिरवे जुने लुगडे. आत एक वाळ्यांचा जोड, दुपटे, एक झबले आणि टोपडे. तान्ह्या मुलाचे.

भैरूची बायको बाहेर आली, आणखी दोघी आल्या. कोणीतरी म्हणाले, "अगोबाई, नाथूनं मुंबईत संसार मांडला!" बया काही बोलली नाही. झबल्याची घडी उलगडली, परत घातली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "पानी पी, शकू. लांबून आलीस." डोळ्यात टिपूस नाही.

मी कशी घाटी उतरले मला ठाऊक नाही. तिच्या नवऱ्याचे पाप मी डोक्यावर वाहून नेले आणि तिच्या अंगणात उतरवले, असे सारखे वाटत राहिले.


शुद्ध १२

आत्याबाईंना सांगितले. झबले म्हणताच त्यांचा हात थांबला. "हिरवं लुगडं होतं?"

"हो."

"पक्कं हिरवं?"

"पक्कं. पोपटाच्या पिसासारखे."

त्या उठल्या आणि भिंतीला हात लावत परसात गेल्या. दुपारी जेवल्या नाहीत. मला राग आला. स्वतःच दिले आणि आता मलाच विचारतात रंग कोणता म्हणून.


अधिक पौर्णिमा

आज दोन गोष्टी झाल्या, आणि दोन्हींनी डोके फिरून गेले आहे.

पहिली ह्यांनी पोलादपूरहून आणली. बयाने गळ्यातली पोत काढून भैरूच्या पुढ्यात ठेवली. म्हणाली, त्याने तिकडे दुसरी केली, मीही इथे बसणार नाही. पलीकडच्या पठारावर हैबती म्हणून एक विधुर आहे, म्हशी राखतो. अधिक महिना सरला की त्याच्याशी पाट लावून दुसरा संसार मांडणार. वाडीतल्या बाया म्हणतात, बरे केले. भैरू दात-ओठ खातो आहे.

मला आनंद झाला आणि लगेच लाज वाटली. कोणाच्या फसवणुकीवर आनंद कसा करावा? पण ती शेणाच्या टोपलीखालून सुटली ना?

दुसरी गोष्ट माळा काढताना झाली. तळाशी एक गाठोडे होते, काळ्या घोंगडीचे. ते मी आत्याबाईंच्या मांडीवर ठेवले. त्यांची बोटे गाठीवर गेली आणि तिथेच राहिली. गाठ कापडाच्या पट्टीने बांधलेली, चार वेढे घातलेली.

"ह्ये नाथूचं," त्या म्हणाल्या.

"नाथूचे मी देऊन आले."

"ते नाथूचं नव्हतं."

मग त्यांनी सांगितले. हिरव्या लुगड्यातले सामान शिवथरच्या ठकूबाईचे. तिची लेक मुंबईहून माहेरी बाळंतपणाला येत होती. बोटीतून उतरली आणि कळा सुरू झाल्या. आमच्याच माजघरात बाळंत झाली, मूल दोन दिवस जगले. हे मी इथे यायच्या आधीचे. ठकूबाई लेकीला घेऊन घरी गेली, कपडे इथेच ठेवून गेली. "नंतर नेईन" म्हणाली. कोण कशाला नेईल?

"मग तुम्ही ते बयाला कसे दिलेत? हिरवे आणि काळे?"

"सारकंच दिसतंय गो," आत्याबाई म्हणाल्या. खांबाकडे बघत म्हणाल्या. "दसऱ्यापासून. आधी एक गेला, आता दुसरा. उजेडात धरलं तर सावली दिसते. तुझं तोंड दिसत नाय. बाजूनं बघितलं तर पदर दिसतो."

मी तिथेच खाली बसले. काठ कोणता, लाल कसला, वाटेतला पाट, भाजलेली बोटे. गेले दहा-बारा दिवस मी त्यांच्यावर मनातल्या मनात चिडत होते. एकाच छपराखाली राहून मला दिसले नाही, मग डोळे कोणाचे गेले म्हणायचे?

"सांगितले का नाहीत?"

"सांगितलं असतं तर माज्या सहदेवनं मला ओट्यावर नेऊन बसवलं असतं. मग ह्ये कोन करनार? कुनाचं काय, मला एकलीला ठावं. बघून ठावं. बघनं गेलं की सामान सगळं बेवारशी." मग म्हणाल्या, "कोनाला बोलू नको."

मी हो म्हटले. पण कशाबद्दल बोलू नको? डोळ्यांबद्दल, की गाठोड्याबद्दल? मी विचारले नाही.


अधिक वद्य ३

दोन-तीन दिवस दोघीही त्या गाठोड्याभोवतून ये-जा करतो आहोत. ते माजघरात कोपऱ्यात आहे. बाकीचे घर रिकामे होत चालले. पलंगाखालची फरशी दिसली, मुलांना गंमत वाटली. माझे कामात लक्ष नाही. बयाला सांगायचे की नाही? सांगितले तर तिचा पाट मोडतो. नाही सांगितले तर नाथूवर आळ राहतो, आणि आळ आम्ही लावलेला. नाथू जिवंत असेल तर? मेला असेल तर मेलेल्यावर आळ. मला काही समजत नाही. आत्याबाई रोज विचारतात, "अमाशेला किती दिस?"


वद्य ६

भैरू आला. उंबऱ्यातच उभा राहिला, आत या म्हटले तरी आला नाही.

"मावशी, ते बोचकं माझ्या भावाचं नाय."

मी चुलीपाशी होते.

"कशावरनं म्हनतोस?" आत्याबाईंनी विचारले.

"नाथूला मी वळखतो. तो तसला नाय. तुज्या घरात शंबर बोचकी. काय तरी घोटाळा झालाय. येत्या ऐतवारी येसाजी पाटील देवळाम्होरं वाडी बसवनार हाय. तू येऊन सांग. गावदेवीच्या पायरीला हात लावून सांग, ते नाथूचं का नाय. तू म्हनशील ते वाडी मानंल. आजवर तुज्या घरातनं कुनाची सुई गेली नाय."

"येईन," आत्याबाई म्हणाल्या.

भैरू बोलताना रागात होता, पण जाताना त्याने डोळे पुसले. मला तो वाईट माणूस वाटत होता. आता तेही नक्की सांगता येत नाही.


वद्य ७

ह्यांना सगळे सांगावे लागले, डोळ्यांचेही. हे आईच्या पायाशी जाऊन बसले. "आई, मला का नाय सांगितलंस?"

"मोटार चालवतोस. घाटात ध्यान लागत नाय, असलं काय घेऊन बसलास तर."

ऐतवारच्या प्रश्नावर मात्र ह्यांचे मत स्पष्ट. "जाऊ नको. आजारी आहे म्हण. बया सुखाला लागतेय, लागू दे. नाथू कुठला येतोय आता?"

"आणि भैरूनं पायरीला हात लाव म्हटलं तर?" मी विचारले.

"म्हणून तर जायचंच नाही."

मला ह्यांचे पटले. खरे सांगते, पूर्ण पटले. मी आत्याबाईंना म्हटले, "एका बाईचे भले होत असेल तर गप्प राहण्यात काय वाईट?"

त्या म्हणाल्या, "गप मी राहीन गो. पन मग ती हैबतीच्या घरात माज्या चुकीवर नांदनार. उद्या नाथू आला म्हंजे?"

"आणि सांगितले तर भैरूच्या गोठ्यात नांदणार!"

पहिल्यांदाच आम्ही दोघी सारख्या बावचळून बसलो होतो. तेवढ्यात धाकटा येऊन त्यांच्या मांडीवर झोपला. त्यांनी त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि त्याच्याकडे न बघताच म्हणाल्या, "ह्याला ताप हाय." खरेच होता.


वद्य ९

काल जाऊन आलो. मी, आत्याबाई आणि नाथूचे गाठोडे. धाकट्याचा ताप उतरला होता, त्याला आनंदीबाईंकडे ठेवला.

घाटीत आत्याबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. मी दगड सांगत होते, त्या पाय टाकत होत्या. वाडीत शिरताना हात काढून घेतला आणि एकट्या चालल्या. देवळापुढे माणसे बसलेली, एका अंगाला बाया. बया त्यांच्यातही नाही, वेगळी, खांबाला टेकून. पार लांब आंब्याखाली एक उंच माणूस, अंगात बंडी. तो हैबती असावा. म्हशी मागे टाकून आला होता, कारण सारखा पठाराकडे बघत होता.

येसाजी पाटील म्हातारे आहेत, हळू बोलतात. म्हणाले, "रंगूबाय, भैरूचं म्हननं तू ऐकलंस. पायरीला हात लावून सांग. ते बोचकं नाथूचं का नाय?"

आत्याबाई पायरीकडे निघाल्या. पायरी डाव्या हाताला, त्या सरळ गेल्या आणि दीपमाळेला धडकल्या. कोणीतरी हसले. मी धावले. त्यांनी माझा हात बाजूला केला, दीपमाळेलाच दोन्ही हात लावले आणि म्हणाल्या, "हीच पायरी समजा. मला दिसत नाय. डोळं गेलं माजं. बयाला दिलं ते दुसऱ्याचं होतं. नाथूचं ह्ये, शकूच्या डोक्यावर. चूक माजी. नाथूवर आळ घेऊ नका."

मग भैरू उठला. "बगा! मी म्हनत होतो! माजा भाऊ तसला नाय!" तो रडत होता आणि हसत होता. "बया, पोत घाल गळ्यात. ऊठ."

गाठोडे मी खाली ठेवले. बया खांब सोडून पुढे आली, गाठोड्यापाशी बसली आणि गाठीवर हात ठेवला.

"ह्ये त्याचंच," ती म्हणाली. "मीच बांधलंय. माज्या लग्नातल्या लुगड्याचा काठ हाय गाठीला. चार येडं. दुसरं कोन बांधत नाय असं."

"मंजे ते पयलं तू वळखलं होतंस?" येसाजींनी विचारले.

"अंगनात बगितलं तवाच. हिरव्या लुगड्यातलं माज्या नवऱ्याचं कसं असंल? त्याचं बोचकं मी बांधलेलं!"

"मग तवा का नाय बोललीस?" भैरू ओरडला.

"तवा बोलले असते तर सोडलं असतंस मला?" बया वर न बघता बोलत होती. "दर वरसाला म्हनायचे, भावजी, मला मोकळी करा. तुम्ही म्हनायचात, नाथू येईल. शिमग्याला येईल, गनपतीला येईल. कोन ऐकत होतं? त्या दिशी बाया म्हनाल्या, नाथूनं दुसरी केली. मी गप बसले. तेवढ्यावरच सगळी ऐकाया लागली माजं. झबलं कुनाचं ते मला ठावं नाय. ज्या बाईचं असंल तिची माफी मागते. आळ घेतला ती चूक माजी, मावशीची नाय. दंड करा. पन मी थांबनार नाय. त्यानं केली असंल तरी नाय, नसंल केली तरी नाय."

मला वाटले, आता आरडाओरडा होईल. झाला नाही. भैरू खाली बसला. येसाजींनी त्याला विचारले, "नाथूचा निरोप शेवटला कवा?"

"पयल्या शिमग्याला."

"त्यानंतर?"

भैरू मान हलवत राहिला.

येसाजी म्हणाले, बयाने देवीला तेल घालावे, खोटे बोलल्याबद्दल. गप्प राहिली ते खोटेच. आणि अमावास्या सरली की पाट लावावा. नाथू आला तर त्याने वाडीला जाब विचारावा, बयाला नाही. बायांमधून कोणीतरी मोठ्याने सुस्कारा सोडला. मी आंब्याकडे बघितले तर हैबती नव्हता. निकाल ऐकताच म्हशींकडे पळाला होता!

गाठोडे भैरूने नको म्हटले. बया म्हणाली, "आत्ता नको. येईन न्यायला." म्हणून परत आमच्याच डोक्यावर. उतरताना आत्याबाईंचा हात परत माझ्या खांद्यावर आला. मी विचारले, "तुम्ही सांगितले नसते तरी निकाल हाच लागला असता?" त्या म्हणाल्या, "काय म्हाईत." मला वाटले होते, त्यांना तरी माहीत असेल.


वद्य १२

ह्यांनी आईला डॉक्टरकडे नेले. एका डोळ्याचे काही होणार नाही. दुसऱ्यात मोतीबिंदू आहे, पावसाळ्यानंतर मुंबईला नेऊन काढता येईल, येईलच असे नाही. आत्याबाई घरी येऊन म्हणाल्या, "मग भात कापनी झाल्यावर बगू," आणि तांदूळ निवडायला बसल्या. बोटांनी निवडतात. मी ताट बघितले, एक खडा नव्हता.

बयाने हिरवे लुगडे, झबले, सगळे धुऊन परत पाठवले होते. ठकूबाईला निरोप धाडला तेव्हा मला भीती वाटत होती. ती आज शिवथरहून आली. गाठोडे तिने सोडले नाही, मांडीवर घेऊन नुसती बसली. लेकीला पुढे दोन मुलगे झाले, मोठा गुरे राखतो, असे सांगत होती. चहा घेतला. जाताना गाठोडे काखेत मारले, जिवंत मूल घ्यावे तसे, आणि म्हणाली, "बरं झालं, रंगू. मला यायाला जमत नव्हतं." तिला दुखवले की बरे केले, मी अजून ठरवू शकले नाही.


निज वैशाख शुद्ध २

धोंड्याचा महिना संपला. माझा नेम दहा वेळा मोडला. आत्याबाईंचा एका गाठोड्याने राहिला होता. तो आज पुरा झाला.

सकाळीच बया आली, मागे हैबती. तो ओट्याखालीच उभा राहिला. बया आत येऊन थबकली. "किती मोठं घर हाय गो तुमचं," म्हणाली. खरेच, आवाज घुमतो आता. मुले माजघरात लंगडी खेळत होती.

ती जमिनीवर बसली आणि गाठ सोडू लागली. इतक्या वर्षांची गाठ, सुटेना. शेवटी दातांनी सोडली. काठाची पट्टी गुंडाळून कमरेला खोचली. घोंगडी उलगडली. आत एक धोतर, नवे, घडी न मोडलेले. नाचणीच्या पिठाची पुरचुंडी, पिठाची माती झालेली. चटणीची कुपी. लोकरीचा कानपट्टा. एक कोयता. चिंध्यांत गुंडाळलेली गावदेवीची मूठभर माती.

बया एकेक वस्तू बाहेर काढून रांगेत मांडत होती. सगळे मांडून झाल्यावर बघत बसली. मग म्हणाली, "ह्ये सगळंच्या सगळं मीच दिलेलं. एक वस्तू नेली नाय त्यानं."

आत्याबाई म्हणाल्या, "होडीला जड होतं म्हनाला होता."

"कानपट्टा जड होता?" बया म्हणाली. आणि तिला हसू आले. खूप हसली. त्या हसण्याला काय म्हणावे, मला माहीत नाही. आत्याबाईंनी हात पुढे केला, तो तिच्या गुडघ्यावर पडला, तिथेच राहिला.

धोतर तिने ह्यांना दिले, घोंगडी पडवीत निजणाऱ्यांसाठी ठेव म्हणाली. माती सावित्रीत सोडते म्हणून पदरात बांधली. कोयत्याच्या पात्यावर अंगठा फिरवला आणि बाहेर हैबतीला ओरडून म्हणाली, "धार हाय अजून!" तो काय बोलला ते ऐकू आले नाही.

उद्या पाट आहे. आम्हाला बोलावणे करून ती निघाली. मी दारात उभी होते. आत्याबाई मागून चालत आल्या, कशालाही न धडकता, आणि चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या.

"गेली?"

"जाते आहे. वळणावर आहे."

"कशी जाते?"

"ती पुढे, तो मागे."

"आनि कोयता? कुनाच्या हातात हाय?"

मी नीट बघितले.

"तिच्या."

"बरं," आत्याबाई म्हणाल्या, आणि भात टाकायला आत गेल्या.